आपलं माणूस युद्धाच्या टापूत असताना नाताळ कसा करावा

ज्यांच्या घरचं माणूस या डिसेंबरात युद्धाच्या टापूत आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ते बोटीवर असेल, सीमेवर असेल, इस्रायलमध्ये कुणा म्हाताऱ्या माणसाची सेवा करत असेल, आखातातल्या रिफायनरीत असेल. बाजारात चांदण्या लागल्या आहेत, चर्चमध्ये कॅरोलचा सराव सुरू झाला आहे आणि तुमचा हात मात्र करंजीच्या पिठाला लागत नाही. ही अवस्था मला ठाऊक आहे. मी अहिल्यानगरला राहते. सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त आहे. धाकटा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर आहे. २०२३ च्या डिसेंबरात त्याचा टँकर गुजरातमधल्या सिक्क्याहून माल भरून सुएझकडे निघाला आणि वाटेत तांबडा समुद्र होता.

त्या वर्षी १९ नोव्हेंबरला येमेनच्या हूथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं होतं. २३ डिसेंबरला 'केम प्लुटो' या टँकरवर ड्रोन आदळला, तोही तांबड्या समुद्रात नव्हे, आपल्याच अरबी समुद्रात, गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर. जहाजावर बहुतेक सगळे भारतीय. आग विझली, कुणी जखमी झालं नाही, तटरक्षक दलाच्या 'विक्रम' या जहाजाने सोबत केली आणि २५ तारखेला, ऐन नाताळच्या दिवशी, ते मुंबईला पोचलं. हे सगळं आज सलग सांगता येतं. तेव्हा ते तुकड्यातुकड्यांनी कानावर येत होतं, आणि प्रत्येक तुकड्याला आमच्या मुलाचं जहाज आठवत होतं. त्या दिवसांत जे उपयोगी पडलं आणि नंतर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या इतर घरांनाही लागू पडलं, तेवढंच इथे देते.

नाताळ लहान करा, पण करा

"अशा वेळी सण करणं बरं दिसतं का?" हा प्रश्न घरात कुणीतरी विचारतंच. आमच्याकडे सुनेने विचारला. मी तिला बायबलमधली मत्तय आणि लूक ही शुभवर्तमानं काढून दाखवली. परक्या सरकारची नावनोंदणी म्हणून दिवस भरलेल्या बाईला प्रवास करावा लागतो. जागा मिळत नाही. मूल जन्मतं आणि थोड्याच काळात हेरोद राजाचे शिपाई बेथलेहेमातल्या लहान मुलांना मारायला निघतात. योसेफ रातोरात मरीयेला आणि बाळाला घेऊन मिसरला पळतो. म्हणजे पहिला नाताळच शिपायांच्या सावलीत झाला. शांतीचं गाणं देवदूतांनी त्याच रात्री म्हटलं, हेरोद मरायची वाट त्यांनी बघितली नाही. त्यामुळे परिस्थिती निवळल्यावर नाताळ करू, हा विचार मला पटत नाही.

पण सगळं नेहमीसारखंही करू नका. २०२३ मध्ये जेरुसलेमच्या सर्व मंडळ्यांच्या प्रमुखांनी मिळून सांगितलं की गाझात युद्ध चालू असताना रोषणाई, मिरवणुका, उत्सवी कार्यक्रम करायचे नाहीत. बेथलेहेमच्या चौकात ते मोठं झाड उभं राहिलं नाही. मध्यरात्रीची उपासना मात्र झाली. तिथल्या ल्यूथरन चर्चमध्ये तर पाळक मुंथर इसहाक यांच्या मंडळीने गव्हाणीऐवजी फुटलेल्या सिमेंटच्या ढिगाऱ्यात बाळ येशूला ठेवलं. मला त्या निर्णयातून घरासाठी नेमकं माप मिळालं. जे दाखवण्यासाठी असतं ते काढायचं, जे प्रार्थनेसाठी आणि माणसांसाठी असतं ते ठेवायचं.

आमच्या घरी त्याचा हिशेब असा झाला. दारावरची कागदी चांदणी ठेवली, गच्चीवरच्या माळा काढल्या. येशूजन्माचा गोठा मांडला. नवे कपडे फक्त नातीला. फराळ निम्मा, म्हणजे करंज्या, चकल्या आणि शंकरपाळी एवढंच. अनारसे वगळले, कारण ते मुलाला आवडतात आणि ते तळताना सुनेचा धीर सुटला असता. केक घरीच केला. तुम्ही तुमची यादी करा. एका कागदावर घरात दर नाताळला जे होतं ते सगळं लिहा आणि प्रत्येकासमोर ठेवायचं की नाही ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. एकट्या बाईने ठरवू नये. नाहीतर पुढे चूक-बरोबर सगळं तिच्याच माथी येतं.

आधी कागद, मग मेणबत्ती

आगमन काळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती आशेची असते. ती लावण्याआधी एक वही घ्या. नर्सची सवय म्हणा, पण ज्या घरात फोन नंबर हाताशी असतात त्या घरात रात्रीची घबराट निम्मी होते.

वहीत जहाजाचं नाव आणि त्याचा सात आकडी आयएमओ नंबर लिहा. जहाजाचं नाव बदलू शकतं, हा नंबर बदलत नाही. कंपनीत किनाऱ्यावर बसणारा एक जबाबदार अधिकारी असतो, त्याला डीपीए म्हणतात. त्याचं नाव आणि चोवीस तास चालणारा फोन मुलाकडून मागून घ्या. भरती करणाऱ्या एजंटचा आरपीएसएल (सरकारी परवाना) नंबर आणि पत्ता, मुलाच्या सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तिकेची) आणि पासपोर्टची झेरॉक्स, कराराची प्रत, विम्याचे कागद, मुंबईतल्या डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, नियंत्रण कक्षाचा नंबर, हे सगळं एकाच वहीत. ही वही देव्हाऱ्याजवळ किंवा बायबलजवळ ठेवा, म्हणजे शोधावी लागत नाही. घरातल्या दोघांना ती कुठे आहे ते माहीत हवं.

करार एकदा शांतपणे वाचा. बऱ्याच करारांत युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या पाण्यात जायला नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी येण्याचा हक्क असतो, आणि जो जातो त्याला त्या दिवसांचा जादा पगार असतो. हा हक्क तुमच्या माणसाला माहीत आहे का, एवढं एकदा विचारा. मग तो विषय सोडा. जायचं की नाही हे त्याने ठरवायचं आहे. आईने फोनवर रोज "उतर ना रे बाळा" म्हणत राहिलं तर तो उतरत नाही, पण इंजिन रूममध्ये उभा असताना त्याचं लक्ष घरी राहतं, आणि ते जास्त धोक्याचं.

नकाशावर जहाज बघण्याबद्दल एक गोष्ट सगळ्या घरांना सांगते. मरीनट्रॅफिकसारख्या संकेतस्थळांवर जहाजाचा ठिपका दिसतो, आणि आपण दर दहा मिनिटांनी तो बघतो. पण धोक्याच्या पाण्यात शिरताना बरेच कप्तान जहाजाची जागा कळवणारं एआयएस यंत्र मुद्दाम बंद करतात. शिवाय युद्धाच्या भागात उपग्रहाचे संकेत बिघडवले जातात, तेव्हा समुद्रातलं जहाज नकाशावर चक्क एखाद्या विमानतळावर दिसतं. ठिपका गेला किंवा भलतीकडे गेला म्हणजे जहाज गेलं असं नाही. मुलाने निघण्याआधीच सांगितलं होतं, "आई, चार दिवस मी दिसणार नाही, तेव्हा समज की सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय." हे वाक्य तुमच्या माणसाकडून आधी वदवून घ्या.

बातम्यांची वेळ

बातम्या घरातल्या एकाच माणसाने बघायच्या, दिवसातून दोनदा, सकाळी न्याहारीनंतर आणि संध्याकाळी सहाला. आमच्याकडे हे काम माझ्या यजमानांकडे होतं. ते भारतीय नौदलाचं निवेदन आणि युकेएमटीओ ही ब्रिटिश नौदलाची संस्था जहाजांसाठी ज्या सूचना काढते त्या वाचत. त्या सूचना कोरड्या असतात. अमुक ठिकाणी, अमुक वाजता, जहाज आणि खलाशी सुरक्षित, एवढंच. कोरडं वाचलेलं बरं. टीव्हीवर तीच स्फोटाची चित्रफीत दिवसभर फिरते आणि दर वेळी शरीराला ती नवीनच वाटते.

व्हॉट्सॲपवर नातेवाईक प्रेमापोटी पुढे ढकलतात, "हे तुमच्या मुलाचं जहाज तर नाही ना?" त्यांना रागावू नका. एक वाक्य तयार ठेवा: "आम्ही कंपनीच्या संपर्कात आहोत, काही कळलं की आम्हीच कळवू, तुम्ही प्रार्थना करा." हेच वाक्य सगळ्यांना पाठवा. संध्याकाळी सहानंतर बातम्या बंद. रात्री उशाशी फोन ठेवायचाच असेल तर फक्त मुलाचा आणि कंपनीचा नंबर वाजेल असं करून ठेवा.

फोनवर काय बोलावं

पोप फ्रान्सिस ऑक्टोबर २०२३ पासून गाझातल्या 'पवित्र कुटुंब' चर्चला जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. स्वतः आजारी पडले तेव्हाही त्यांनी तो सोडला नाही, एप्रिल २०२५ मध्ये ते गेले तोपर्यंत. त्या चर्चच्या आवारात शेकडो माणसं आसऱ्याला होती, आणि १६ डिसेंबर २०२३ ला तिथल्याच दोन बाया गोळीला बळी पडल्या. अशा ठिकाणी फोन करून ते काय विचारत? कसे आहात, आणि आज काय जेवलात. मला यात मोठं शहाणपण दिसतं. तुमचं माणूसही रोज धोक्यातच उभं आहे, त्याला धोक्याबद्दल विचारून तुम्हाला नवं काही कळणार नाही, आणि जहाज कुठे आहे हे सांगायची त्याला मुभाही नसते.

म्हणून जेवण विचारा. खानसाम्याने काय केलं, मेसमध्ये कोण कोण होतं, झोप किती झाली. घरचं लहानसहान सांगा. नळाला आज पाणी उशिरा आलं, नातीचा दात पडला, शेजारच्या काकूंच्या मुलाचं लग्न ठरलं. आमचा मुलगा म्हणतो, पडलेल्या दाताची बातमी ऐकली की घर जागच्या जागी आहे असं वाटतं. रडू आलं तर रडा, लपवू नका. फक्त फोन ठेवताना शेवटचं वाक्य आशीर्वादाचं असू द्या, कारण पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या कानात तेच राहतं.

इंटरनेटचा भरवसा धरू नका. धोक्याच्या पट्ट्यात ते बंद होऊ शकतं. त्यामुळे २० डिसेंबरच्या आतच घरातल्या सगळ्यांनी मिळून एक गाणं आणि प्रत्येकाचा अर्ध्या मिनिटाचा निरोप आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. व्हिडिओ नको, तो उतरायला वेळ लागतो. आवाजाची फाईल लहान असते, एकदा उतरली की जाळं नसतानाही ऐकता येते. आमच्या नातीने तिच्या निरोपात नुसतं "पप्पा, चांदणी लावली" एवढंच म्हटलं. ती फाईल त्याने इंजिन कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना ऐकवली.

जहाजावरही नाताळ होतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. जगातल्या खलाशांत फिलिपिनो सगळ्यांत जास्त आणि ते नाताळाला फार जपतात. त्यांच्याकडे १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे मिस्सा असतो. बोटीवर पाद्री कुठला, पण मुलाच्या जहाजावरच्या फिलिपिनो बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, पहाटे मेसमध्ये माणसं जमवून प्रार्थना चालवली. पुठ्ठा आणि चंदेरी कागद लावून त्यांची पाच टोकांची चांदणी केली. पोर्टहोल, म्हणजे जहाजाच्या गोल खिडक्या, झाकलेले होते, कारण रात्री जहाजाबाहेर उजेड जाऊ द्यायचा नव्हता. चांदणी आतल्या बाजूलाच टांगली.

पहिलं ताट बाहेर

माझं लहानपण भायखळ्याला गेलं. वडील गोदीत कामाला होते. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध चालू होतं आणि मुंबईत काळोख पाळायचा असे, खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवलेले. ९ तारखेला आपल्या नौदलाची 'खुक्री' ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. आमच्या मागच्या चाळीतला एक जण त्यांत होता. १६ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, लोक रस्त्यावर नाचले, आणि त्या एका खोलीचं दार बंद होतं. नाताळच्या सकाळी आईने पहिलं ताट त्या घरी नेलं. ते हिंदू कुटुंब, घरात दुःख, तिथे करंजी न्यायची नाही हे आईला माहीत होतं. तिने पहाटे उठून पिठलं आणि भाकरी केली, ती घेऊन गेली, थोडा वेळ बसली आणि मग आम्ही उपासनेला गेलो. आमचा फराळ त्यानंतर उघडला.

तेव्हापासून आमच्याकडे पहिलं ताट बाहेर जातं. तुम्ही काळजीत असाल तर हे जरूर करा. तुमच्याच गल्लीत कुणाचं माणूस परत आलेलं नाही, कुणाचं दवाखान्यात आहे, ते बघा. त्या घराला काय चालतं ते विचारून घ्या आणि तेच करा. दवाखान्यात चाळीसएक वर्षं मी हे बघितलं: ज्या नातेवाइकाच्या हाताला काम असतं, तो दुसऱ्याच्या रुग्णाला पाणी देतो, तो जास्त टिकतो.

फराळ निम्मा केल्यावर उरलेले पैसे कुठे द्यावेत, असंही विचारतात. मिशन टू सीफेअरर्स आणि कॅथलिकांची स्टेला मारिस या संस्था बंदरांमध्ये खलाशांना भेटतात, नाताळात बोटीवर पिशव्या पोचवतात. त्यात टोपी, मोजे, साबण, फोनचं कार्ड, थोडा खाऊ असतो. मुंबईतही हे काम चालतं. तुमच्या मंडळीच्या महिला मंडळाने लोकरीच्या टोप्या विणून दिल्या तर त्या कुणाच्या तरी मुलाच्या डोक्यावर जातील. तुमच्या मुलाला एखाद्या परक्या बंदरात अशीच कुणाची तरी टोपी मिळते.

लहान मुलांना काय सांगावं

खरं सांगा, पण त्यांच्या मापाने. "पप्पांची बोट अशा ठिकाणाहून चालली आहे जिथे भांडण आहे. बोटीवरचे सगळे काळजी घेतात. आपण रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो." इतकं पुरे. काहीच नाही असं म्हटलं तर मूल मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतं आणि मग एकटंच घाबरतं. नातीसाठी आम्ही भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि सिक्क्यापासून सुएझपर्यंत लोकर ताणली. रोज रात्री ती एक टाचणी पुढे सरकवायची. जागा खरी असण्याचं कारण नव्हतं, तिच्या हाताला पप्पांसाठी काहीतरी करायला मिळत होतं.

प्रार्थना कशी करावी, जेव्हा शब्द येत नाहीत

आनंदाची गीतं म्हणता येत नसतील तर म्हणू नका. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा, बाकीची मंडळी तुमच्या वाटचं गातात. मंडळी असते ती त्यासाठीच. स्तोत्रसंहितेत तक्रारीची पुष्कळ स्तोत्रं आहेत आणि तीही प्रार्थनाच आहेत. तेरावं स्तोत्र 'किती वेळ' या प्रश्नानेच सुरू होतं. ते मोठ्याने वाचा. देवापुढे नीटनेटकं बोलायची गरज नाही. समुद्रावरच्या माणसांसाठी १०७ वं स्तोत्र आहे, ओवी २३ पासून. त्यात जहाजांतून जाणारे लोक आहेत, लाटा आहेत, हातपाय गळालेले खलाशी आहेत आणि शेवटी शांत झालेला समुद्र आहे. आमच्या घरात ते रोज रात्री जेवणाआधी वाचलं जाई.

आणि नावं घेऊन प्रार्थना करा. आपल्या माणसाचं नाव, कप्तानाचं, खानसाम्याचं, बोसनचं. मग जे अडकले आहेत त्यांचं. 'गॅलेक्सी लीडर'च्या २५ खलाशांपैकी १७ फिलिपिनो होते. त्या सगळ्यांचे दोन नाताळ येमेनमध्ये कैदेत गेले, २२ जानेवारी २०२५ ला ते सुटले. त्यांच्याही घरी कुणीतरी नकाशा लावलाच असेल. मग, जमेल तेव्हा, पलीकडच्यांसाठी. हे सगळ्यांत अवघड, आणि पहिल्या दिवशी जमत नाही. मी येमेनच्या आयांसाठी प्रार्थना करायला सुरुवात केली, कारण आयांपासून सुरुवात करणं मला शक्य होतं.

पहिल्या महायुद्धातल्या १९१४ च्या नाताळाची गोष्ट लोक फार सांगतात. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ७ डिसेंबरला युद्ध थांबवण्याची विनंती केली, सरकारांनी ती मानली नाही, आणि तरीही फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत कितीतरी ठिकाणी शिपायांनी आपणहून गोळीबार थांबवला. आपल्याकडचे गढवाल रायफल्सचे जवानही त्या खंदकांत होते आणि त्यांच्यासमोरही ते घडलं. लोकांना त्यातला दोन्हीकडच्या शिपायांचा फुटबॉल आठवतो. मला त्यातलं दुसरं काम मोठं वाटतं: मधल्या पट्ट्यात पडून राहिलेली प्रेतं दोन्हीकडच्यांनी मिळून पुरली. वरून हुकूम यायची वाट न बघता आपल्या हातातलं तेवढं त्यांनी केलं.

२४ ची रात्र

ही रात्र आधीच आखून ठेवा. दुपारी दीड-दोन तास झोपा, झोप आली नाही तरी पडून राहा. संध्याकाळी हलकं जेवा, भात-आमटी पुरे. दहानंतर चहा घेऊ नका. एकटं राहू नका. कुणी बहीण, जाऊ, मैत्रीण मुक्कामाला बोलवा. उपासनेला जा आणि पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे प्रार्थनेत नाव घेतलं जाईल. नाव ऐकून रडू येईल, येऊ द्या.

बारा वाजता घंटा वाजते, सगळे एकमेकांना शुभेच्छा देतात. तो क्षण सगळ्यांत कठीण. कुणाचा तरी हात धरून उभं राहा. घरी येऊन गरम दूध घ्या. भीती आधी छातीत आणि पोटात बसते, म्हणून आधी शरीराकडे बघा: चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं दहा-बारा वेळा. रात्रपाळीत मी किती नातेवाइकांना हे करायला लावलं असेल.

रात्री दोन ते चार हा वेळ वाईट असतो, दवाखान्यात आणि घरातही. मी त्या वेळेला एक काम दिलं. तांबड्या समुद्रातलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. मुलाची पाळी बारा ते चारची, म्हणजे इथे अडीच वाजता तो इंजिन रूममध्ये उतरणार. अडीचला मी आणि सून उठून बसलो, १०७ वं स्तोत्र वाचलं, त्याला एक आवाजी निरोप पाठवला आणि झोपलो. तुमच्या माणसाच्या पाळीचा असा हिशेब करून ठेवा. नुसतं जागं राहण्यापेक्षा नेमलेल्या वेळी जागं राहणं सोपं जातं.

शेजाऱ्यांनी आणि मंडळीने काय करावं

"देव बघून घेईल" एवढं म्हणून निघून जाऊ नका. डबा घेऊन या, गॅस सिलेंडर चढवून द्या, लहान मुलाला कॅरोलच्या फेरीत घेऊन जा. फेरी त्या घरी न्यायची की नाही ते आधी विचारा. काहींना हवी असते, काहींना दारातलं ढोलकं सोसत नाही. युद्ध कोणाच्या चुकीने झालं यावर त्या घरात चर्चा करू नका.

२५ नंतर

सगळे लक्ष देतात ते २५ पर्यंत. २६ ला घर एकदम रिकामं होतं, आणि जहाज मात्र अजून पाण्यातच असतं. म्हणून थोडं काम मागे ठेवा. २८ डिसेंबरला मंडळी हेरोदाने मारलेल्या बालकांची आठवण करते. त्या दिवशी आम्ही युद्धात गेलेल्या मुलांसाठी, कुठल्याही बाजूच्या, एक मेणबत्ती लावतो. चांदणी ६ जानेवारीपर्यंत, बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांच्या सणापर्यंत, काढू नका. दरम्यान अशाच दुसऱ्या घराला फोन करा. दोन-चार घरांचा एक लहान गट झाला तर वहीतली माहिती, कंपनीचा अनुभव, सगळं एकमेकांना उपयोगी पडतं.

आणि मूल रोज विचारेल, पप्पा कधी येणार. जहाज आफ्रिकेला वळसा घालून पाठवलं तर प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबतो, त्याच्या जागी येणारा माणूस बंदरात वेळेवर पोचत नाही, तारीख पुढे जाते. म्हणून तारीख सांगू नका, महिना सांगा, आणि विमानाचं तिकीट हातात आल्यावरच कॅलेंडरवर गोल करा.